जरब

गुरुवारी, जोहर आणि असरच्या मधल्या उन्हात,
नई जिंदगीत सुग्राबीच्या पत्र्याच्या खोलीत
आम्ही अकरा बायका.
दहा जणींच्या मांडीवर सुपं.
माझेच हात रिकामे, मला पेन्शन आहे.
भिजल्या पानांचा वास, पंख्याला गरम वारा,
मधोमध रेहलवर किताब,
तमाखूपासून दोन हात लांब.

सुग्राबी आधी अरबी वाचते, मग उर्दू तर्जुमा,
मग आमच्या बोलीत, सुईत दोरा ओवावा तशी.
आज ती चौथ्या सूरेतल्या त्या आयतीपाशी आली
आणि थांबली.
चष्मा पुसला. तरी थांबलेलीच.
कात्र्या आपोआप बंद पडल्या.

तिथं काय आहे ते सगळ्यांना ठाऊक.
निकाहाच्या आधीच कुणीतरी कानात घालून ठेवतं.
जैतून नदाफ दाराशी होती,
कोपराला हळद.
पाय घसरला म्हणाली.
गेल्या गुरुवारीही घसरला होता.

"यहाँ लिखा है, मारो," सुग्राबी म्हणाली.
"आगे कंस में है, हलके से."
"कंस किसने डाला?" बिल्किसनं विचारलं.
"तर्जुमेवाले ने."
"मतलब उनकू बी शरम आयी."
कुणीतरी तौबा तौबा केलं,
कुणीतरी हसू पदरात घेतलं.

सत्तावीस वर्षं उर्दू शाळेत गणित शिकवलं मी.
तो शब्द रोज फळ्यावर असायचा.
बारा को सात से जर्ब दो.
चौऱ्याऐंशी. कुणाला लागलं नाही.
जर्ब म्हणजे गुणाकार,
टांकसाळीत नाण्यावर पडतो तो ठसा,
जर्बुल-मसल म्हणजे साधी म्हण.
आणि सुग्राबी सांगते, त्याच किताबीत
दाखला देणं त्याच धातूचं,
वाटेला लागणं त्याच धातूचं.
मग बाईच्या दारात येईपर्यंतच
त्याची काठी कशी झाली?

आणि मराठीत तर तो कधीच घुसलाय.
विजापूर वेशीत भाजी घेताना ऐकते,
सून फार बोलते, नवऱ्याची जरब नाही.
तिथं कुणी तर्जुमा मागत नाही,
कंसही घालत नाही.

मी आलिमा नाही.
हजार वर्षं मोठमोठ्या पगड्या त्या शब्दावर वाकल्या,
ते सगळं माझ्या एका दुपारीनं पुसत नाही.
कदाचित त्यांचंच बरोबर असेल,
हे रात्री झोप न आल्यावर मलाही वाटतं.
पण आई बिड्या वळायची, पान मला कळतं.
पान कोरडं वाचलं की तडकतं.
आणि पत्र्याचा फर्मा ठेवून कापलं
की बिडीपुरतंच उरतं.
शिरा, कडा, देठ, सगळं कातरण
आंघोळीच्या चुलीत जातं.
कित्येक वर्षं त्या पाण्यानं मी न्हाले,
जळतंय काय, ते विचारलं नाही.

सुग्राबी एवढंच म्हणाली,
"हुजूरने कब्बी किसी औरत पे हात नहीं उठाया.
मेरेकू इत्ता पक्का मालूम."
मग पेन्सिल घेऊन त्या कंसाशेजारी
एक बारीक टिंब दिलं. खोडलं मात्र नाही.

कात्र्या पुन्हा सुरू झाल्या.
जैतून तेवढ्यात बोलली, मान खाली,
बोटांतली बिडी न थांबवता,
"वाट कू लगना बी मतलब है तो,
लगना किसने? उसने की मैंने?"
कुणाकडेच तर्जुमा नव्हता.

असरची अजान झाली. बायका उठल्या.
ती माझ्यापाशी आली, मजुरीची वही उलटी धरून.
"बाई, हजारी का जो भाव है,
उसकू छब्बीस दिन से जर्ब दो.
खोली का भाडा काट के बताओ."

मी मांडलं. हातचा विसरले, पुन्हा मांडलं.
खाली आकडा लिहिला.
तिनं तो दोनदा वाचला,
ओठ हलवत,
सुग्राबी अरबी वाचते तसा.